प्रदूषणाचे आकडे कुणाच्या हातात? नियामक मंडळातील आयटी अधिकारी आणि आपले तरुण

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ‘पर्यावरण लेखापरीक्षण नियम, २०२५’ अधिसूचित केले. कारखाने पर्यावरणाचे कायदे पाळतात की नाही, हे तपासण्याच्या कामात आता सरकारी अधिकाऱ्यांच्या जोडीला नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षक असतील. राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे माणसे आणि साधने अपुरी आहेत, म्हणून ही व्यवस्था, असे सरकारचे म्हणणे आहे. कोणत्या कारखान्याला कोणता लेखापरीक्षक मिळणार हे कारखानदाराने ठरवायचे नाही. ते यादृच्छिक पद्धतीने, सोप्या भाषेत चिठ्ठी टाकून ठरणार आहे.

ही तरतूद चांगली आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कारखान्याने स्वतः निवडलेला आणि स्वतः पैसे दिलेला लेखापरीक्षक प्रदूषणाचा आकडा कायद्याच्या मर्यादेच्या जरासा खाली दाखवत असे. लेखापरीक्षक चिठ्ठीने नेमले, त्यांचे मानधन मध्यवर्ती निधीतून दिले आणि त्यांच्या अहवालांची फेरतपासणी सुरू केली, तेव्हा आकडे खरे येऊ लागले. इतकेच नव्हे, कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

आता साधा प्रश्न विचारू. ही चिठ्ठी टाकणार कोण? काचेच्या बरणीतून कुणी लहान मूल कागद उचलणार नाही. ती संगणकातून निघेल. तो प्रोग्राम कुणी लिहिला, त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, निकाल मागाहून कुणी बदलला तर त्याची नोंद राहते का, हे सगळे एका माणसाच्या टेबलावर ठरते. तो त्या नियामक संस्थेचा आयटी अधिकारी. त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही आणि त्याच्या दारात मोर्चाही जात नाही. आपल्या समाजातील हजारो मुले-मुली आज पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरूत, हैदराबादेत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात. त्यांतल्या किती जणांनी ही खुर्ची पाहिली आहे?

मोक्याची जागा बदलली आहे

बाबासाहेबांनी शिकलेल्या तरुणांना मोक्याच्या जागांचे महत्त्व सांगितले. आपण त्याचा अर्थ जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस अधीक्षक, सचिव असा घेतला आणि तो त्या काळात बरोबरच होता. कारण निर्णय फाइलवर होत आणि फाइल त्या टेबलावर असे. आता फाइल संगणकात आहे. कारखान्याच्या संमतीपत्राचा अर्ज, शुल्क, तपासणीचा अहवाल, नोटीस, सारे ऑनलाइन झाले आहे. पर्यावरण आणि वन मंजुरीसाठी केंद्राचे ‘परिवेश’ पोर्टल २०१८ मध्ये आले. अशा यंत्रणेत कोणता रकाना सक्तीचा असेल, कोणता ऐच्छिक असेल आणि कोणता नसेलच, हे ठरवणे हाही निर्णयच आहे. फक्त त्याला कुणी निर्णय म्हणत नाही, ‘तांत्रिक बाब’ म्हणतात.

रकान्याचे नाव किती महत्त्वाचे असते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की, हाताने मैला साफ करण्यामुळे देशात एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून मेलेली माणसे मात्र ‘धोकादायक सफाई’ अशा दुसऱ्या शीर्षकाखाली मोजलेली होती. मेलेला माणूस तोच आणि त्याची जातही तीच, तरी एका शीर्षकाखाली आकडा शून्य येतो. प्रदूषणाच्या नोंदींतही हेच घडू शकते.

एका कारकिर्दीत काय काय ठरते

नियामक संस्थेतील आयटी अधिकाऱ्याची कारकीर्द बाहेरून कंटाळवाणी दिसते. सुरुवातीची काही वर्षे नोंदी साफ करण्यात जातात. समजा, एकाच कारखान्याचे नाव संमतीपत्राच्या यादीत एका स्पेलिंगने आहे, घातक कचऱ्याच्या यादीत दुसऱ्या, आणि प्रयोगशाळेच्या नमुन्यांत तिसऱ्या. तिन्ही नोंदींना जोडणारा एकच क्रमांक नसेल, तर सांडपाण्याचे नमुने वारंवार नापास होऊनही त्या कारखान्याचे संमतीपत्र सुरळीत नूतनीकरण होऊन बाहेर पडेल. कुणी लाच घेतलेली नसेल. संगणकाला दोन्ही कारखाने वेगळे वाटले, एवढेच. हा क्रमांक देण्याचे काम कनिष्ठ पदावरच्या माणसाचे असते, पण नाल्याकाठच्या वस्तीसाठी ते न्यायालयाच्या निकालाइतके मोलाचे आहे.

मधल्या वर्षांत जबाबदारी वाढते. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राज्यांच्या मंडळांना निर्देश दिले, की अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांनी आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवावीत. साखर, डिस्टिलरी, सिमेंट, औष्णिक वीज, कागद, रंग, औषधे, कातडी असे उद्योग त्यात आले. चिमणीत किंवा सांडपाण्याच्या पाटात यंत्र बसते आणि त्याचे आकडे मंडळाच्या सर्व्हरवर येतात. मर्यादा ओलांडली की इशारा जातो.

आता समजा, एका कारखान्याचे आकडे रोज रात्री अकरा ते पहाटे चार येतच नाहीत. किंवा तीन दिवस एकच आकडा, दशांशासकट, जसाच्या तसा येत राहतो. चिमणीतला धूर असा कधीच वागत नाही. मग यंत्रणेने काय करायचे? रिकामी जागा ‘माहिती नाही’ म्हणून सोडून द्यायची, की ‘संशयास्पद’ म्हणून तपासणीला पाठवायची? सॉफ्टवेअरमध्ये ही एक ओळ असते. ती लिहून घेणारा अधिकारी रिकाम्या जागेला निर्दोष ठरवतो की संशयित, यावर त्या गावाच्या विहिरीचे भवितव्य अवलंबून आहे.

हवेच्या बाबतीतही असेच. २०१५ मध्ये देशात हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. त्याचा नियम असा, की किमान तीन प्रदूषकांची आणि त्यातही धूलिकणांपैकी एकाची, किमान सोळा तासांची माहिती असेल तरच त्या दिवसाचा निर्देशांक काढायचा. शास्त्र म्हणून हे योग्य आहे. पण याचा दुसरा परिणाम पाहा. सर्वांत वाईट दिवशी केंद्र नऊ तास बंद पडले, तर तो दिवस ‘अतिवाईट’ म्हणून मोजला जाणार नाही, तो मोजलाच जाणार नाही. वर्षअखेर सरासरी चांगली दिसेल. म्हणून केंद्र किती तास बंद होते हा आकडा निर्देशांकाइतक्याच ठळक अक्षरांत दाखवला पाहिजे. तो दाखवायचा की नाही, हे पुन्हा त्याच टेबलावर ठरते.

माहुलचा वास कुठल्या रकान्यात?

मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलचे उदाहरण घ्या. भोवती तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले. त्यात केईएम रुग्णालयाच्या पाहणीचा आधार होता. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो कष्टकरी कुटुंबे त्याच माहुलच्या इमारतींत पाठवली गेली. लोकांनी रस्त्यावर बसून आंदोलन केले, न्यायालयात लढले. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले, की या लोकांना दुसरीकडे घरे द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या.

पुनर्वसनाची यादी एका खात्याकडे आणि प्रदूषणाची नोंद दुसऱ्या खात्याकडे. दोन्ही एका नकाशावर मांडून कुणी पाहिल्या असत्या, तर माहुलमध्ये माणसे पाठवण्याआधी निदान एका अधिकाऱ्याला ‘हे मला माहीत होते’ अशी सही करावी लागली असती.

त्यातला तांत्रिक भागही समजून घेतला पाहिजे. माहुलचे लोक बेंझीन, टोल्युईनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांच्या वासाची तक्रार करत होते. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर काढला जातो: दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझीन आहे, पण निर्देशांकात नाही. मोबाइलवर हिरवा किंवा पिवळा रंग दिसत असताना डोके दुखेपर्यंत वास येऊ शकतो, तो यामुळे. लोक खोटे बोलत नसतात आणि यंत्रही खोटे बोलत नसते. यंत्राला जे विचारलेच नाही, ते ते सांगत नाही.

भोपाळचे मरण, अमेरिकेचा हक्क

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि भोवतालच्या गरीब वस्त्यांतील हजारो माणसे मेली. कारखान्यात कोणते विष साठवले आहे, हे शेजारच्या लोकांना माहीत नव्हते. आपल्याकडे त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. अमेरिकेनेही त्याच वर्षी एक कायदा केला. कारखान्यांनी घातक रसायने हवेत, पाण्यात, जमिनीत किती सोडली हे दरवर्षी कळवायचे आणि तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ही माहिती संगणकावर सर्वांसाठी खुली करायची, अशी सक्ती त्या कायद्यात होती. ‘संगणकावर’ हे कायद्यातच लिहिले होते, तेही १९८६ साली!

१९८९ मध्ये ही पहिली यादी लोकांसमोर आली. पण तिचा धाक त्याआधीच बसला होता. मोन्सँटो कंपनीने १९८८ मध्येच जाहीर केले, की आपण हवेत सोडत असलेली विषारी रसायने १९९२ अखेर ९० टक्क्यांनी कमी करू. नवा दंड लागला नव्हता. आकडा शेजाऱ्यांच्या हातात जाणार, एवढेच झाले होते.

मेले भोपाळचे लोक आणि जाणण्याचा हक्क मिळाला अमेरिकेतल्या शेजाऱ्यांना. आपल्याकडे आजही प्रत्येक रसायनाचा, प्रत्येक कारखान्याचा असा देशव्यापी खुला तक्ता नाही. पण कच्चा माल आपल्याकडेही आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील ‘फॉर्म पाच’ प्रमाणे संमतीपत्र घेणाऱ्या उद्योगाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र द्यायचे असते. किती पाणी वापरले, कोणता कच्चा माल लागला, काय बाहेर सोडले, घातक कचरा किती झाला, हे सारे त्यात असते. हजारो कारखान्यांचे हे विवरण मंडळांकडे जमा होते. गावाच्या नावाने शोधता येईल अशा तक्त्यात ते मांडायला नवा कायदा लागत नाही. इच्छाशक्ती असलेला सदस्य सचिव आणि काम जाणणारा आयटी अधिकारी लागतो. महाराष्ट्र मंडळाने ५ जून २०१७ रोजी कारखान्यांच्या चिमण्यांतील धुरानुसार एक ते पाच तारे देणारी योजना सुरू केली आणि ते तारे लोकांना पाहता येतील असे केले. म्हणजे हे होऊ शकते.

उघडलेले दारही बंद होते

अमेरिकेची गोष्ट इथे संपत नाही. ईपीएने २०१५ मध्ये एक नकाशा खुला केला होता. कोणत्या वस्तीत प्रदूषण जास्त आहे आणि तिथे गरीब व कृष्णवर्णीय लोक किती राहतात, हे त्यात एकत्र दिसत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारच्या काळात तो नकाशा संकेतस्थळावरून काढून टाकला गेला. तिथल्या संशोधकांनी आणि कार्यकर्त्यांनी आधीच प्रत उतरवून ठेवली होती, ती त्यांनी दुसरीकडे पुन्हा उभी केली. सरकारी संकेतस्थळावर आज दिसते ते उद्या असेलच असे नाही, हा धडा आपणही घ्यावा.

अशा संस्थेत आपल्या माणसाची कारकीर्द सोपी असते, असेही कुणी समजू नये. मार्शा कोलमन-अडेबायो या कृष्णवर्णीय अधिकारी १९९० मध्ये ईपीएत आल्या. दक्षिण आफ्रिकेत एका अमेरिकन कंपनीच्या व्हॅनेडियम खाणीमुळे कामगार आजारी पडत असल्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्याची किंमत त्यांना नोकरीत मोजावी लागली. त्या कोर्टात गेल्या. २००० साली ज्यूरीने निकाल दिला, की संस्थेने त्यांच्याशी वंश आणि लिंग यावरून भेदभाव केला. या लढ्यातून २००२ मध्ये सरकारी खात्यांतील भेदभाव आणि सूडाच्या कारवाईविरुद्ध कायदा झाला. एकट्या बाईच्या मागे संघटना उभ्या राहिल्या, म्हणून हे झाले. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो लागूच केलेला नाही. तेव्हा आत गेलेल्या तरुणामागे बाहेर समाज उभा असणे ही भावनेची नव्हे, संरक्षणाची गोष्ट आहे.

खुर्चीच आरक्षणाबाहेर गेली तर?

सर्वांत काळजीची बाब पुढे आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ही वैधानिक संस्था आहे, तिच्या नियमित पदांना आरक्षण आणि बिंदुनामावली लागू होते. पण आयटीचे काम सर्रास ठेक्याने दिले जाते. सर्व्हर एका कंपनीचा, सॉफ्टवेअर दुसरीचे, कार्यालयात बसणारा मुलगा तिसऱ्या एजन्सीचा. एजन्सी माणूस घेते तेव्हा बिंदुनामावली कुणी विचारत नाही. त्या मुलाला नोकरीची शाश्वती नाही, मग तो वरिष्ठाला ‘हा आकडा पुसू नका’ असे कशाच्या बळावर सांगणार?

हा प्रश्न मोठ्या प्रश्नाचा भाग आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय घेतला होता, तरुणांच्या विरोधानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रात ४५ वरिष्ठ पदे थेट भरतीने, आरक्षणाशिवाय भरण्याची जाहिरात निघाली, तीही काही दिवसांत मागे घ्यावी लागली. दोन्ही वेळा आपण जागे होतो. पण ठेक्याच्या निविदेतून एकेक खुर्ची गुपचूप जाते, तेव्हा जाहिरात निघत नाही. म्हणून निविदाही वाचायला शिकले पाहिजे.

आता काय करायचे

आयटीत काम करणाऱ्या तरुणांनी नियामक मंडळांच्या, महापालिकांच्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भरतीकडे लक्ष ठेवावे. पगार खासगी कंपनीपेक्षा कमी असेल. पण मार्च १९५६ मध्ये आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली, तिला उत्तर देण्याची ही एक जागा आहे. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांचे उपलब्ध आकडे उतरवून ठेवावेत आणि रिकाम्या जागा मोजाव्यात.

कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहावा. कलम ४(१)(क) प्रमाणे नोंदी संगणकीकृत करून जोडणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहे, आणि माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यावी, असे कलम ७(९) म्हणते. तेव्हा ‘प्रदूषणाची माहिती द्या’ असे मोघम न लिहिता, अमुक कारखान्याचे अमुक महिन्याचे ऑनलाइन यंत्राचे आकडे एक्सेल फाइलमध्ये द्या, यंत्र किती तास बंद होते ते द्या, सॉफ्टवेअरच्या ठेक्याचा करारनामा द्या, असे मागावे. कारखान्याचे सांडपाणी ही कुणाची वैयक्तिक माहिती नव्हे, त्यामुळे त्या नावाखाली ती नाकारता येत नाही. आणि लेखापरीक्षकांची चिठ्ठी आपल्या राज्यात कशी काढली जाते, तिचा प्रोग्राम कुणी तपासला, हा प्रश्न आताच विचारावा. व्यवस्था मुरल्यावर विचारून उपयोग नाही.

शेवटी महाडची आठवण ठेवू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली, तेव्हा तो हक्क कागदावरून पाण्यात उतरला. आज त्याच महाडला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि जवळून सावित्री वाहते. तिच्या पाण्यात रोज काय मिसळते, याचे आकडे मंडळाच्या सर्व्हरवर जातात. दरवर्षी क्रांतिभूमीला वंदन करायला आपण लाखोंनी जातो. पुढच्या मार्चला जाताना आपल्यातल्या दहा जणांच्या पिशवीत सावित्रीच्या पाण्याच्या आकड्यांची मागणी करणारा अर्ज असावा, आणि त्याला उत्तर तयार करणाऱ्या खुर्चीवर कधीतरी आपली एखादी मुलगी बसलेली असावी.